मार्गो मार्टिनडेल: चेहरा ओळखीचा, नाव आठवत नाही (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ही बाई कोण? मी हिला नक्की कुठंतरी पाहिलंय.

पाहिलं असणारच. 'मिलियन डॉलर बेबी'मधली ती लोभी आई आठवते? 'डेक्स्टर'मध्ये पोलिसांच्या जुन्या फायली सांभाळणारी कॅमिला? 'द अमेरिकन्स'मधली केजीबीची आजीबाई? 'हॅना मॉन्टॅना'च्या सिनेमातली आजी? या चौघी एकच. नाव मार्गो मार्टिनडेल, जन्म १८ जुलै १९५१, गाव टेक्सासमधलं जॅक्सनव्हिल. चेहरा पाठ आणि नाव कोरं, ही तिच्या प्रेक्षकांची जुनी अडचण आहे. पुढं एका कार्टून मालिकेनं याच अडचणीचा असा काही विनोद केला की नाव आपोआप पाठ झालं. तो किस्सा खाली येतोच.

सत्तरी ओलांडलेल्या बाईंना 'ती' का म्हणता? 'त्या' का नाही?

आशाताईंचं गाणं ऐकताना आपण 'काय गायलीय!' असंच म्हणतो ना, तसं. जवळचं माणूस आहे.

'कॅरेक्टर ॲक्ट्रेस' म्हणजे आपली 'चरित्र अभिनेत्री'च ना?

बरीचशी तीच, पण पूर्ण नाही. आपल्याकडे 'चरित्र अभिनेत्री' म्हटलं की नायकाची आई, सासू, आत्या असा नात्याचा हिशेब डोळ्यांपुढं येतो. वय वाढलं, नायिकेची कामं थांबली की बाई 'चरित्र भूमिकांकडे वळली' असं छापून येतं. ललिता पवारांचं उदाहरण घ्या. १९४२मध्ये चित्रीकरणात बसलेल्या थपडेनं डोळ्याला कायमची इजा झाली, नायिकापद संपलं आणि त्यानंतर कजाग सासूंची जी रांग त्यांनी उभी केली ती अजून कुणाला ओलांडता आलेली नाही.

अमेरिकेत या शब्दाचा रोख वेगळा आहे. तिथं नट दोन जातींचे मानतात. एक, ज्याला पाहायला लोक तिकीट काढतात. दुसरा, जो एखादं विशिष्ट माणूस उभं करतो: अमुक भागातलं, अमुक धंद्यातलं, अमुक पद्धतीनं बोलणारं. मार्गो पहिल्या जातीत कधीच नव्हती. तिला कशावरून कशाकडे वळावं लागलं नाही, सुरुवातच इथून झाली. म्हणून तिच्या कारकिर्दीत 'उतरता काळ' नावाचं प्रकरण नाही. उलट साठीनंतर ती वर चढत गेली.

'सहाय्यक भूमिका' हा मात्र तिसराच प्रकार. ती फक्त लांबीची मोजणी आहे आणि सहाय्यक भूमिकेचे पुरस्कार अनेकदा मोठे स्टारच घेऊन जातात.

लहानपण, घर, शिक्षण?

जॅक्सनव्हिल हे पूर्व टेक्सासमधलं छोटं गाव, एकेकाळी टोमॅटोसाठी प्रसिद्ध. वडिलांचा लाकडाचा व्यवसाय होता आणि शिकारी कुत्री तयार करण्यात त्यांचं नाव होतं. तीन भावंडांत ही धाकटी आणि एकटी मुलगी. एक भाऊ, बिली मार्टिनडेल, व्यावसायिक गोल्फपटू झाला, नंतर गोल्फची मैदानं आखू लागला. शाळेत ही 'फुटबॉल स्वीटहार्ट' निवडली गेली होती, म्हणजे संघाची लाडकी. आधी गावातलंच लॉन मॉरिस कॉलेज, मग मिशिगन विद्यापीठ. मधल्या एका उन्हाळ्यात हार्वर्डला नाटकं केली, तिथं मंचावर सोबत ख्रिस्तोफर रीव्ह होता. तो पुढं सुपरमॅन होऊन उडाला. हिला जमिनीवर बरीच वर्षं चालायचं होतं.

मग पडद्यावर इतकी उशिरा का आली?

उशिरा हे आपल्याला वाटतं. ती तोवर नाटकातच होती. केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात 'ॲक्टर्स थिएटर ऑफ लुइव्हिल' ही नामांकित नाट्यसंस्था आहे. तिथं तिनं सुमारे चार वर्षं काढली. कॅथी बेट्सशी मैत्री जमली ती तिथेच. न्यूयॉर्कपासून दूर अशा संस्थेत वर्षभर एकामागून एक नाटकं उभी राहतात आणि आज मोलकरीण तर पुढच्या महिन्यात जमीनदारीण असं करावं लागतं. या तालमीचा उपयोग पुढं कॅमेऱ्यासमोर कसा होतो, ते तिच्या हातांकडे पाहिलं की कळतं. तिची पात्रं सहसा रिकामी बसत नाहीत. काहीतरी पुसत असतात, ओतत असतात, पिशवीत शोधत असतात, आणि ते काम बाईला खरोखर येतंय असं वाटतं.

छोट्या पडद्यावरचं पहिलं काम १९८८चं, एका टीव्ही चित्रपटातलं. त्या वेळी वय छत्तीस-सदतीस. पुढच्याच वर्षी 'लोन्सम डव्ह' या गाजलेल्या वेस्टर्न मालिकेत छोटं काम मिळालं, १९९०मध्ये टॉम क्रूझच्या 'डेज ऑफ थंडर'मध्ये आणखी एक.

'स्टील मॅग्नोलियाज'मध्ये ती होती म्हणतात. सिनेमात तर दिसत नाही!

ती नाटकात होती. रॉबर्ट हार्लिंगचं हे नाटक १९८७मध्ये न्यूयॉर्कच्या ऑफ-ब्रॉडवेवर, म्हणजे ब्रॉडवेपेक्षा छोट्या नाट्यगृहांत, आलं. लुइझियानातलं एक ब्युटी पार्लर, तिथल्या सहा बायका, आणि त्यांतलीच एक पार्लरची मालकीण ट्रुवी. ही पहिली ट्रुवी मार्गोनं केली. दोन वर्षांनी सिनेमा झाला तेव्हा ट्रुवी झाली डॉली पार्टन.

यावर हळहळणारे पुष्कळ आहेत. पण सिनेमाची यादी पाहा: सॅली फील्ड, शर्ली मॅक्लेन, ऑलिंपिया डुकाकिस, ज्युलिया रॉबर्ट्स. पोस्टरवर चालणारी नावं हवी होती, रंगभूमीवर भूमिका घडवणारी बाई पोस्टरवर चालत नाही. आपल्याकडे नाटकाचा सिनेमा होताना हेच होतं, त्यात अमेरिकेचं असं खास काही नाही.

नव्वदच्या दशकात ती काय करत होती?

सगळीकडे थोडी थोडी. 'द फर्म'मध्ये टॉम क्रूझची सेक्रेटरी, 'डेड मॅन वॉकिंग'मध्ये सुझन सरँडनच्या सोबतीची नन, 'लोरेन्झोज ऑइल', 'नोबडीज फूल', 'मार्विन्स रूम'. २००२च्या 'द अवर्स'मध्ये ज्युलियन मूर आपला मुलगा जिच्याकडे सोडून जाते ती शेजारीण. दोन-तीन दृश्यं, कधी एकच. भाडं भरायला पुरतील अशी कामं आणि दिग्दर्शकांच्या वहीत टिकून राहणारं नाव. या काळावर फार बोलण्यासारखं नाही, पण हा काळ नसता तर पुढचं काहीच झालं नसतं.

'मिलियन डॉलर बेबी'तली आई इतकी चीड का आणते?

कारण मार्गो तिला खलनायिका म्हणून करतच नाही. क्लिंट ईस्टवूडच्या या २००४च्या सिनेमात मुष्टियोद्धी मॅगी (हिलरी स्वँक) बक्षिसाच्या पैशांतून आईला घर घेऊन देते. आई अर्लीन घर पाहते आणि कुरकुरते, की आता सरकारी मदत बंद होईल. मार्गो ही तक्रार अगदी व्यवहारी सुरात करते, जणू मुलीनं नको त्या मापाची चप्पल आणली. तो सूर खोटा नाही. गरिबीत पै-पैचा हिशेब ठेवणारं माणूस असंच बोलतं. म्हणूनच ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो.

नंतर दवाखान्यातलं दृश्य आहे. मुलगी मानेखाली लुळी पडलेली. घरचे लोक आधी मौजमजा करून, करमणूक-नगरीचे टीशर्ट घालून भेटायला येतात, सोबत वकील. सहीसाठी आई मुलीच्या दातांत पेन धरते. सिनेमाला चार ऑस्कर मिळाले. मार्गोला त्यातलं एकही नाही, पण बाहेर पडताना शिव्या तिलाच मिळत होत्या.

पॅरिसवरच्या सिनेमात ती अशुद्ध फ्रेंच बोलते, तो सिनेमा कोणता?

'पॅरिस, आय लव्ह यू' या अर्थाच्या नावाचा, 'पारी, ज तेम', २००६चा. पॅरिसच्या वेगवेगळ्या भागांवर वेगवेगळ्या दिग्दर्शकांनी केलेल्या छोट्या गोष्टी त्यात आहेत. शेवटची गोष्ट अलेक्झांडर पेनची. डेन्व्हरची कॅरोल, पोस्टात टपाल वाटणारी, एकटी, प्रौढ. फ्रेंचच्या शिकवणीला जाते, पैसे साठवते आणि काही दिवसांसाठी पॅरिसला येते. सगळी गोष्ट ती फ्रेंचमध्ये सांगते, अमेरिकन उच्चारांत. शाळेत उभं राहून निबंध वाचावा तसं.

तुम्हाला यातलं एकच काम पाहायचं असेल तर हे पाहा. जेमतेम सहा-सात मिनिटांचं आहे. कॅरोल स्मशानभूमीत जाते, तत्त्वज्ञ सार्त्रच्या कबरीपाशी त्याची जोडीदार लेखिका सिमोन द बोव्हारच्या जागी सिमोन बोलिव्हार या दक्षिण अमेरिकेतल्या स्वातंत्र्यसेनानीचं नाव घेते. प्रेक्षक हसतो. हसण्याची सोय पेननं मुद्दाम ठेवली आहे, आणि फसवण्यासाठीच ठेवली आहे. शेवटी कॅरोल एका बागेत बाकावर बसून सँडविच खाते. आजूबाजूला मुलं, जोडपी, म्हातारी माणसं. तिला काहीतरी जाणवतं, ज्याला ती आनंद म्हणते आणि दुःखही. मार्गोचा चेहरा तेव्हा जवळजवळ हलत नाही. घास चावणं थांबतं, एवढंच. आणि मघाशी हसलेल्याला आपण हसलो याची लाज वाटते.

मी हे दृश्य मित्रमंडळींना दाखवतो तेव्हा कुणीतरी हमखास विचारतं, 'यात झालं काय?' त्यांना मी पुन्हा घरी बोलावतो, पण पुढच्या वेळी ॲक्शनपट लावतो.

मॅग्ज बेनेट म्हणजे काय प्रकरण आहे? सगळे तिचंच नाव घेतात.

(इथून पुढं कथानक फुटतं. पाहायचं असेल तर हा प्रश्न वगळा.)

'जस्टिफाइड' ही एफएक्स वाहिनीची मालिका, २०१० ते २०१५. एल्मोर लेनर्डच्या कथेवरून बेतलेली. केंटकीतल्या हार्लन काउंटीत, कोळशाच्या खाणींच्या डोंगराळ मुलखात, टिमोथी ऑलिफंटचा मार्शल (केंद्र सरकारचा पोलीस अधिकारी) रेलन गिव्हन्स आपल्या जन्मगावी परत येतो. २०११चा दुसरा हंगाम तेरा भागांचा आहे आणि तो मॅग्ज बेनेटचा आहे, हे मालिकेचे चाहते बिनविरोध मान्य करतात.

मॅग्ज एका छोट्या किराणा दुकानाची मालकीण. पाठीमागं गांज्याचा धंदा, तीन मुलगे, त्यातला एक पोलीस. गावावर तिचा वचक आहे तो पिढ्यान्‌पिढ्यांचा. पाटलीणबाईंचा असतो तसा: माणसं भितात, आणि अडचणीत तिच्याकडेच जातात.

पहिल्याच भागात ती वॉल्ट मॅक्रिडी नावाच्या माणसाला घरची दारू पाजते. सफरचंदाची, तिची खासियत, 'ॲपल पाय' म्हणतात ('पाय' हा तिकडचा सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, त्यावरून हे नाव). वॉल्टनं तिच्या हद्दीत गांजा लावलाय आणि बाहेरच्या पोलिसांना फोनही केलाय. दोघं पितात. मग वॉल्टचा घसा आवळतो. विष बरणीत नव्हतं, त्याच्या पेल्यात आधीच होतं. तो मरत असताना मॅग्ज त्याचा हात हातात घेऊन त्याला समजावते की तुझ्या मुलीला, लोरेटाला, मी माझी म्हणून वाढवीन.

आता ऐका मार्गो काय करते. पाहुणचाराचा आवाज आणि मारण्याचा आवाज यांत ती फरकच करत नाही. आधीचा सूर लबाडीचा होता आणि आता मुखवटा गळला, असं काही होत नाही. ती खरोखरच मायेनं दारू देते आणि मायेनंच त्याला मरणापर्यंत सोबत करते. लोरेटाला वाढवण्याचं वचनही खरं आहे. दुसरी एखादी नटी इथं डोळे बारीक करून थंड हसली असती आणि आपल्याला 'खलनायिका आली' म्हणून सुटल्यासारखं वाटलं असतं. मार्गो ती सुटका देत नाही.

पुढं ती हातोड्यानं पोटच्या पोराची बोटं ठेचते, कूव्हरची, तेही आईनं कान पिळावा अशा हताश कर्तव्यबुद्धीनं. डोंगर पोखरायला आलेल्या कोळसा कंपनीविरुद्ध गावसभेत असं बोलते की आपणही हात वर करावा, आणि मग त्याच कंपनीशी स्वतःपुरता सौदा करते. गाव विकलं जातं ते गावाच्याच बाईकडून. भूसंपादनाच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

लोरेटाचं काम करणारी केटलिन डेव्हर तेव्हा किशोरवयीन होती. या दोघींची दृश्यं एकत्र पाहताना कळतं की मॅग्जला मुलगी हवी होती आणि देवानं तिघंही मुलगेच दिले. संवादात हे फारसं येत नाही. ती लोरेटाशी बोलताना जरा हळू बोलते, त्यात येतं.

अमेरिकी टीव्हीचे एमी पुरस्कार एकूण किती?

तीन. पहिला २०११मध्ये मॅग्जसाठी, नाट्यमालिकेतली सहाय्यक अभिनेत्री म्हणून. दोनच महिन्यांपूर्वी तिला साठ पूर्ण झाली होती. दुसरा आणि तिसरा २०१५ आणि २०१६मध्ये, दोन्ही 'द अमेरिकन्स'मधल्या क्लॉडियासाठी, पाहुणी अभिनेत्री म्हणून.

मालिकेच्या शेवटापर्यंत दिसणारी बाई 'पाहुणी' कशी?

एमीच्या भाषेत पाहुणा म्हणजे त्या हंगामातल्या निम्म्याहून कमी भागांत असलेला कलाकार. २०१५पासून हा नियम आकड्यांत पक्का केला. क्लॉडिया पहिल्या हंगामात बरीच दिसते. मग २०१३मध्ये मार्गोनं सीबीएसची 'द मिलर्स' ही विनोदी मालिका घेतली आणि हेरगिरीसाठी वेळ कमी पडू लागला. तिसऱ्या हंगामात तर नायक-नायिकेची सूत्रं फ्रँक लँजेलाच्या गॅब्रिएलकडे गेली होती. क्लॉडिया मधूनच येई, एखाद्या हॉटेलात बसून दोन वाक्यं बोले आणि जाई. त्या हंगामासाठी तिनं एमी घेतला. तिच्या वाट्याला आलेल्या मिनिटांवरून तेव्हा थट्टाही झाली. पण घड्याळ लावून अभिनय मोजायचा तर आपल्या नाटकांतल्या निम्म्या उत्तम भूमिका बादच होतील.

क्लॉडिया नेमकी कोण?

शीतयुद्धाच्या अखेरच्या दशकात वॉशिंग्टनजवळ अमेरिकन जोडपं म्हणून राहणाऱ्या दोन सोव्हिएत हेरांची वरिष्ठ. मॉस्कोचे हुकूम यांच्यापर्यंत पोचवणारी. जोडपं म्हणजे केरी रसेल (एलिझाबेथ) आणि मॅथ्यू रिस. ते तिला पाठीमागे 'ग्रॅनी' म्हणतात. दिसायलाही आजीच: साधे कपडे, मऊ आवाज, बाजारात वांगी निवडताना आपल्या शेजारी उभी असेल अशी.

पहिल्या हंगामात केजीबी आपल्याच माणसांची निष्ठा तपासायला दोघांना पळवून छळते. हे कळल्यावर एलिझाबेथ क्लॉडियाला बडवून रक्तबंबाळ करते. त्या मारानंतर मार्गो क्लॉडियाला ना घाबरवते ना भडकवते. जणू या नोकरीत हे धरूनच चालायचं असतं. मला वाटतं, क्लॉडिया कोण होती हे त्या क्षणी समजतं. आणि शेवटच्या हंगामात एलिझाबेथ आणि तिची मुलगी पेज यांच्यासोबत बसून ती रशियन स्वयंपाक करते, जुने सोव्हिएत सिनेमे दाखवते, तेव्हा या बाईला एक देश होता आणि तो तिनं किती वर्षं पाहिलेला नाही, हे भांड्यांच्या आवाजात ऐकू येतं.

ही मैत्री पडद्याबाहेरही टिकलेली दिसते. २०२३च्या 'कोकेन बेअर' या वेडपट सिनेमात केरी रसेल आहे, सुरुवातीला मॅथ्यू रिस आहे आणि जंगलातली रेंजर म्हणून मार्गो. अस्वल हुशार निघालं, तिघांनाही पुरून उरलं.

कार्टूनमध्ये ती गुन्हेगार आहे, हे खरं?

खरं. 'बोजॅक हॉर्समन' ही नेटफ्लिक्सची मालिका, २०१४ ते २०२०, हॉलिवूडवरची कडवट थट्टा. त्यात मार्गो मार्टिनडेल स्वतःच्याच नावानं येते आणि आवाजही तिचाच. मालिकेत सगळे तिला आदरानं पूर्ण पदवीसकट हाक मारतात: 'कॅरेक्टर ॲक्ट्रेस मार्गो मार्टिनडेल'. जसं आपल्याकडे 'नटसम्राट' हा शब्द एखाद्याच्या नावाला चिकटतो, तसं.

नायक बोजॅक तिला एका बनावट प्रसंगात अभिनय करायला सांगतो. तिला भूमिकेची भूक इतकी, की नाटक संपलं तरी ती थांबत नाही. मग बँक लुटणं, बंदुका, फरारी. विनोद वरवर पोरकट आहे, पण त्याच्या पोटात एक खरी गोष्ट आहे: मोठी भूमिका न मिळालेल्या माणसाला कुणी मोठी भूमिका दिली तर ते ती कुठवर ओढेल!

गंमत म्हणजे बोजॅकचा आवाज विल आर्नेटचा, आणि 'द मिलर्स'मध्ये हाच आर्नेट तिचा मुलगा होता.

ऑस्कर?

नाही. नामांकनही नाही.

हे दुःख एकटीचं नाही. सहाय्यक कलाकारांसाठी ऑस्कर १९३६च्या सिनेमांपासून सुरू झाले, तरी चरित्र अभिनेत्रींचा हिशेब उधारीचाच राहिला. थेल्मा रिटरला 'ऑल अबाउट इव्ह'पासून 'बर्डमॅन ऑफ अल्काट्राझ'पर्यंत सहा नामांकनं मिळाली आणि सहाही वेळा ती टाळ्या वाजवून घरी गेली. मार्गोला २०१३च्या 'ऑगस्ट: ओसेज काउंटी'साठी मिळेल असं पुष्कळांना वाटलं होतं. मेरिल स्ट्रीपच्या धाकट्या बहिणीचं काम, मॅटी फे. मुलाला सगळ्यांसमोर टोचून बोलणारी आई. ती असं का वागते याचं कारण शेवटी कळतं, आणि ते सांगणारं मार्गोचं दृश्य सिनेमातल्या आरडाओरड्यात सर्वांत शांत आहे. नामांकनं स्ट्रीप आणि ज्युलिया रॉबर्ट्सला गेली.

ती नेहमी वाईट आयाच करते का?

तसं वाटतं खरं, पण मोजायला गेलात तर नन, सेक्रेटरी, शेजारीण, टपालवाली याच जास्त निघतील. वाईट आया लक्षात राहतात, एवढंच.

शिवाय खऱ्या माणसांच्या भूमिका आहेत. २०२०च्या 'मिसेस अमेरिका'त तिनं बेला ॲबझग उभी केली, न्यूयॉर्कची काँग्रेस सदस्य, स्त्रीमुक्ती चळवळीतली बुलंद आवाजाची आणि मोठ्या टोप्यांची बाई. एमीचं नामांकन मिळालं, पुरस्कार त्याच मालिकेतल्या उझो अडूबाला गेला. पुढच्या वर्षी 'इम्पीचमेंट'मध्ये लुसियान गोल्डबर्ग, क्लिंटन प्रकरणातल्या फोनच्या ध्वनिफिती करायला सुचवणारी. 'द रिचेस', 'जस्टिफाइड', 'द अमेरिकन्स' आणि या दोन, पाचही एफएक्सच्या. ती वाहिनी म्हणजे तिचं माहेरच.

रंगभूमी सोडली का?

सिनेमात रुळल्यावरही परतली होती. २००३मध्ये टेनेसी विल्यम्सचं 'कॅट ऑन अ हॉट टिन रूफ' पुन्हा ब्रॉडवेवर आलं तेव्हा ती बिग मामा होती, नेड बीटी बिग डॅडी. २००४मध्ये टोनी या ब्रॉडवेच्या पुरस्काराचं नामांकन मिळालं.

नायिकेचं काम कधीच मिळालं नाही?

मिळालं, पण त्र्याहत्तराव्या वर्षी. २०२४च्या डिसेंबरमध्ये प्राइम व्हिडिओवर 'द स्टिकी' आली. कॅनडाच्या क्वेबेकमध्ये २०११-१२च्या सुमारास मेपल सिरपची (मेपल झाडाच्या गोड पाकाची) प्रचंड चोरी झाली होती. साठवणीच्या गोदामातून सुमारे तीन हजार टन पाक हळूहळू गायब! या घटनेचा धागा घेऊन रचलेली ही सहा भागांची विनोदी मालिका. मार्गो त्यात रूथ लँड्री, मेपलची शेतकरीण. नवरा कोमात, सिरपवाल्यांची संघटना तिची बाग गिळायला टपलेली. मग ती चोरीलाच लागते.

मालिका म्हणून ती मधेमधे रेंगाळते. पण सत्तरी पार केलेली बाई रागानं पेटून गाडी हाणताना पाहणं, हा अनुभव पडद्यावर किती कमी वेळा मिळतो! त्याआधी २०१६च्या 'द हॉलर्स'मध्येही मेंदूत गाठ निघालेल्या आईची बरीच मोठी भूमिका तिला होती.

पहिल्यांदा पाहणाऱ्यानं कुठून सुरुवात करावी?

आधी पॅरिसची सहा-सात मिनिटं. मग 'जस्टिफाइड'चा दुसरा हंगाम, पहिला न पाहता थेट सुरू केला तरी चालेल, दोन भागांत माणसं ओळखीची होतात. नंतर 'ब्लो द मॅन डाउन', २०१९चा छोटा सिनेमा. मेन राज्यातलं मासेमारीचं गाव आणि तिथं कुंटणखाना चालवणारी ईनिड. हाताशी काठी आणि ओठावर गोड बोलणं. 'द अमेरिकन्स' सहा हंगामांची आहे, ती सुट्टी काढून पाहण्याची गोष्ट.

तिच्या भूमिका आणि 'पाय' यांचं काय नातं आहे?

निरीक्षण अचूक. 'डेक्स्टर'च्या तिसऱ्या हंगामात कॅन्सरनं खंगलेली कॅमिला डेक्स्टरला सुटका मागते आणि तो तिला लिंबाच्या पायमधून विष देतो, 'की लाइम पाय' नावाच्या, जो तिला मनासारखा कधी मिळालेला नसतो. तीन वर्षांनी तीच बाई 'ॲपल पाय' पाजून दुसऱ्याला मारते, आणि हंगामाच्या शेवटी रेलनसमोर बसून स्वतःही तोच पेला रिकामा करते.

ती 'ॲपल पाय' दारू खरंच असते का?

असते. पूर्व अमेरिकेतल्या ॲपलॅशियाच्या डोंगरी भागात सफरचंदाचा रस, साखर आणि दालचिनी उकळून त्यात कडक दारू मिसळतात आणि काचेच्या बरण्यांत भरून ठेवतात. गोड लागते, जोर नंतर कळतो. कुणी आग्रह केलाच तर बिनधास्त घ्या, पेला मात्र आपला आपण विसळून.